तळघरातली माउली

न्यूयॉर्कच्या सबवेतून ११६व्या रस्त्याच्या स्टेशनावर उतरलो आणि ईस्ट नदीच्या रोखाने चालू लागलो. ईस्ट हार्लेमच्या या भागात आज कानावर स्पॅनिश पडते. शंभर वर्षांपूर्वी इथे अमेरिकेतली एक मोठी इटालियन वस्ती होती. ११५व्या रस्त्यावरचे ‘अवर लेडी ऑफ माउंट कार्मेल’ चर्च पाहायला मी मुद्दाम आलो होतो.

दक्षिण इटलीतल्या पोल्ला गावच्या मंडळींनी १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे कार्मेलच्या मारियामातेचा उत्सव सुरू केला. १८८४ मध्ये चर्चचे काम निघाले. दिवसभर मजुरी करून थकलेली माणसे रात्री पाया खणायला येत. भंगारवाले, बर्फवाले सामान वाहायला आपल्या गाड्या देत. आणि एवढे करून वरचे प्रशस्त मंदिर मिळाले ते आयरिश आणि जर्मन भाविकांना! ज्यांनी ते बांधले, त्यांची प्रार्थना तळघरात. त्यांचे नवस, मिरवणुका, मोठमोठ्याने घातलेली साकडी आयरिश धर्मगुरूंना अडाणीपणाची वाटत. १९०४ मध्ये पोपच्या संमतीने मूर्तीला मुकुट चढला, तरी भक्त तळघरातच राहिले. १९१९ मध्ये त्यांना वर जागा मिळाली, मूर्ती १९२३ मध्ये वर आली.

आत गेल्यावर मी आधी त्या मूर्तीसमोर उभा राहिलो. कडेवर बाळ, दोघांच्या डोक्यांवर मुकुट. १६ जुलैला हिच्या मिरवणुकीत बायका तापलेल्या रस्त्यावरून अनवाणी चालत. दुखणे बरे व्हावे म्हणून मेणाचे हात, पाय, हृदय वाहिले जाई. कुणी आपल्या वजनाइतकी मेणबत्ती आणी. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे हातपाय विकत घेणारी गर्दी मी पाहिली आहे, त्यामुळे ही श्रद्धा मला परकी वाटली नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटालियन कुटुंबे उपनगरांत पांगली. उत्सव मात्र थांबला नाही. पुढे हैतीहून आलेले स्थलांतरित जुलैत इथे लोटू लागले आणि माउलीपुढे क्रिओल भाषेतली गाणी घुमली. इटालियनांचे वंशजही त्या दिवशी जुन्या मोहल्ल्यात परततात. तळघरातून वर यायला पस्तीस वर्षे लागलेल्यांच्या या चर्चमध्ये नवख्यांना वरच जागा मिळाली, याचे मला फार मोल वाटते.