उत्तराचा मसुदा

सरकारी कारकुनाची बदली ही एकट्या कारकुनाची बदली नसते, हे आम्हांस फार उशिरा उमगले. पुण्याहून बंगळुरास येऊन आम्ही एचएसआर लेआउटमध्ये बिऱ्हाड थाटले. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव पडलेली ही वसाहत आम्हांस लवकरच मानवली. मानवली नाही ती आमच्या सात वर्षांच्या चिरंजीवांस.

घरी अखंड बडबड करणारा हा मुलगा शाळेत अवाक्षर काढीना. चार महिने लोटले. कानडी येत नाही म्हणून गप्प असेल, असे मानावे, तर शेजारच्या मराठी बिऱ्हाडातही तो मुकाच! आम्ही त्यास हट्टी ठरवले, सौभाग्यवतीने भिडस्त ठरवले आणि आईने दूरध्वनीवरून दृष्ट काढण्याची आज्ञा केली. मानसोपचाराचे नाव कोणीच काढले नाही. होसूर रस्त्यावरून शहरात जाताना ‘निम्हान्स’ ही १९७४ साली स्थापन झालेली नामांकित संस्था लागते. तिच्या पाटीकडे आम्ही नेहमी परक्या घराकडे पाहावे तसे पाहिले होते. वास्तविक मुंबईत टाटांच्या समाजकार्य शिक्षणसंस्थेने बालमार्गदर्शन केंद्र उघडले, ते १९३७ साली. आमच्या वडिलांच्याही जन्माआधीची ही गोष्ट. पण आमची लाज त्याहून जुनी असावी.

अखेरीस एका बालमानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी सांगितले, की हा हट्ट नव्हे, भय आहे. पूर्वी या विकारास ‘ऐच्छिक मौन’ अशा अर्थाचे नाव होते, जणू मूल आपखुशीनेच गप्प बसते! १९९४ साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ते बदलून ‘निवडक मौन’ अशा अर्थाचे केले आणि २०१३ साली या विकाराची गणना चिंताविकारांत केली. मूल बोलण्याचे नाकारत नाही. विशिष्ट ठिकाणी त्याच्याने बोलवतच नाही.

बाईंना मराठी येत नसल्यामुळे दुभाषाचे काम आम्हांकडे आले. त्यांनी विचारले, “तुला खायला काय आवडते?” आम्ही प्रश्नाचे मराठी केले आणि त्याच श्वासात उत्तरही देऊन टाकले. दुसऱ्या प्रश्नास तेच. तिसऱ्या वेळी बाईंनी लेखणी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, “प्रश्न त्याला होता.”

आम्ही वरमलो. साहेबांच्या सहीसाठी उत्तराचा मसुदा तयार ठेवण्यात आमची दहा वर्षे गेली. तीच सेवा आम्ही घरी मुलासही रुजू करीत होतो. त्याचा अवघडलेला चेहरा आम्हांस पाहवत नसे, म्हणून आम्ही बोलत असू. दिलासा आम्हांस मिळे. त्याचे भय मात्र तसेच राही.

उपचार सुरू झाले ते आमच्यापासून. प्रश्न विचारल्यावर मनात पाच आकडे मोजावेत. धाक नको, लालूच नको, चारचौघांत कौतुकही नको. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात तो आईबरोबर पत्ते खेळू लागला. काही दिवसांनी शिक्षिका दारात उभ्या राहू लागल्या, मग बाकाशी आल्या, मग डावात बसल्या. नंतर आई हळूच उठून जाऊ लागली. पायरीपायरीने, कोठेही न रेटता.

परवा दुधासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मुलाकडे पाहून भुवया उंचावल्या. उत्तर आमच्या जिभेवर आले होते. आम्ही मोजू लागलो. चार झाले, पाच झाले, सहा झाले.

“ओंदु हालु कोडि,” चिरंजीव पुटपुटले. एक दूध द्या.

दुकानदाराने पिशवी दिली, सुटे पैसे परत केले आणि तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. काही विशेष घडले, असे त्या बापड्यास वाटण्याचे कारण नव्हते.

वर्गात चिरंजीव अजून एकाच मित्राच्या कानात बोलतात. आम्ही पाचापर्यंत मोजतो, कधीकधी वीसपर्यंतही.