मेहताजींची नोट

आमच्या उधन्याच्या खानदेशी वस्तीतले लोक गावाकडे मनिऑर्डर करत, पण सुरतेच्या बाजारातला पैसा चालायचा नोटेच्या नंबरावर. महिधरपुऱ्यात आंगडियाकडे, म्हणजे पैसे पोचवणाऱ्या पेढीकडे, रोकड भरायची, मुंबईच्या पेढीवर ती कुणीतरी उचलायची. उचलणाऱ्याच्या खिशातल्या दहाच्या नोटेचा नंबर आधीच फोनवरून आलेला असे. तो ऑपरेटरने ऐकला तरी बिघडत नसे, कारण नोट हातात हवी. पेढीवरचे मेहताजी चष्मा कपाळावर ढकलून एकेक आकडा जुळवायचे, नोट ठेवून घ्यायचे आणि रक्कम मोजून द्यायचे. पावती नाही, सही नाही. सुरक्षित आहे ना, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: आजवर कुणाचा पैसा बुडाला नाही.

तेव्हाचं कूटशास्त्रही बरंचसं याच उत्तरावर चाले. अजून फुटलं नाही, म्हणजे पक्कं. मर्कल-हेलमन यांची 1978 ची कूटपद्धत शमीर यांनी 1982 मध्ये फोडली. त्याच वर्षी गोल्डवासर आणि मिकाली यांनी आधी 'सुरक्षित' म्हणजे काय, याची व्याख्या मागितली. शत्रूने स्वतः दोन मजकूर निवडावेत, त्यांतला एक कुलूपबंद करून त्याला द्यावा. तो कोणता, हे त्याला छापा-काट्यापेक्षा फारसं बरं सांगता येऊ नये. सिद्धता त्यानंतर: जो हे ओळखेल, त्याला अमुक एक गणितही सुटेल, आणि ते अवघड आहे असं आपण उघडपणे धरून चाललो आहोत.

मेहताजींनाही हे लावून बघता येतं. त्यांना फसवायचं तर रिझर्व्ह बँकेची नोट हुबेहूब बनवावी लागेल, हे झालं गृहीतक. पण ते नुसता नंबर बघत असतील, कागद चाचपत नसतील, तर सिद्धता तिथेच कोसळली. आणि वाटेत खिसा मारला गेला तर? ते व्याख्येतच नव्हतं!

आता बाजारातला पैसा मोबाइलवरून जातो आणि गृहीतकंही बदलू लागली आहेत. मोठा क्वांटम संगणक झाला तर आजच्या कुलपांमागची बरीच गणितं सुटतील, हे शोर यांनी 1994 मध्येच दाखवलं. म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने जालकांच्या (लॅटिस) गणितावरची नवी पद्धत जाहीर केली. त्या संस्थेच्याच निवडीत बरीच पुढे आलेली 'साइक' ही पद्धत 2022 मध्ये साध्या संगणकावर तासाभरात फुटली होती.

मेहताजींचा जमाना मला प्रिय आहे, पण माझे पैसे मी लिहून दिलेल्या गृहीतकावरच ठेवीन. मात्र एक लक्षात असू द्या: आरएसए ही कूटपद्धत फोडणं हे मोठ्या संख्येचे अवयव पाडण्याइतकंच अवघड आहे, असं 1977 पासून आजवर कुणीही सिद्ध केलेलं नाही.