पंचानं हरवलं



यंदा दशलक्षण पर्वाच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे उत्तम आर्जवाच्या दिवशी, दुपारी एकासनाचं जेवण झाल्यावर मी पुण्याला लेकाला फोन लावला. जे बोलायचं होतं ते जवळजवळ सात वर्षं माझ्या पोटात होतं. ते समजायला आधी एका फुटबॉलच्या सामन्याची गोष्ट सांगावी लागेल. फुटबॉल म्हटल्यावर लगेच कंटाळू नका, मलाही त्यातलं तेव्हा काही कळत नव्हतं. त्यातूनच तर सगळं झालं.

डिसेंबर २०१८. लेक नववीत, अमरावतीला माझ्या बहिणीकडे राहून शिकत होता. कौंडण्यपूर सगळ्या वऱ्हाडाला रुक्मिणीचं माहेर म्हणून माहीत, माझं मात्र ते सासर. इथून सकाळी निघून आम्ही दोघं शाळांच्या स्पर्धेचा अंतिम सामना पाहायला गेलो. सोबत दशम्या, तिळाची चटणी आणि मुलांसाठी संत्र्यांची पिशवी. सामना लांबला तर सूर्यास्ताआधी वाटेत खाता यावं म्हणून डबा घेतलेलाच असतो आपला.

आमची मुलं १-२ अशी मागे होती. शेवटची पाच मिनिटं. लेकाकडे लांबून बॉल आला आणि त्यानं तो जाळ्यात मारला. मी टाळ्या वाजवत उठले, तर पंचाची शिट्टी. ऑफसाइड. गोल नाही.

पंच म्हणजे विशीबाविशीचा पोरगा. माझ्या भाच्यासारखा. मैदानाच्या कडेला येऊन मी त्याला जे ओरडले ते इथे लिहिताना हात थांबतो, पण लिहिते. ‘पैसे खाल्ले का रे?’ म्हणाले मी. मागच्या दोन-तीन आयांनी तेच उचललं. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खेळाकडे वळला. ज्या बाईला ऑफसाइड म्हणजे काय ते सांगता आलं नसतं, तिनं एका अनोळखी मुलावर चोरीचा आळ घेतला. रोज णमोकार म्हणणाऱ्या तोंडानं.

नियम मी नंतर शिकले. आपल्याच खेळाडूनं बॉल मारला त्या क्षणी पुढचा खेळाडू समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या गड्याच्या पुढे असेल आणि बॉलच्याही पुढे असेल, तर ऑफसाइड. बॉल त्याच्यापाशी पोचतो तेव्हा तो कुठे आहे ते मोजायचंच नाही. आपण सगळे पाहतो बॉल पोचतो तेव्हा. म्हणून कडेला बसलेल्याला पंच नेहमी खोटा वाटतो.

परतीच्या गाडीत लेक रडत होता. त्याला जवळ घेऊन मी म्हटलं, ‘तू नाही हरला बेटा, पंचानं हरवलं तुम्हाले.’ त्याचं रडणं थांबलं. चेहरा कसा सैल झाला ते मला अजून दिसतं. त्यानं दोन संत्री सोलून खाल्ली. पहिल्या अर्ध्यात त्यानंच पेनल्टी बाहेर मारली होती, तिचं नाव कोणी काढलं नाही. आमच्यावर झालेल्या दोन गोलांचंही नाही. त्या दिवशी घरी सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, ‘काहून वं, तो पंच सामनाभर एकट्या तुमच्यावरच टपून होता काय?’ मी ऐकलं नाही.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघातल्या एका मुलाच्या आईनं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मला पाठवला. मी तो थांबवून थांबवून पाहिला. बॉल मारला गेला तेव्हा माझा लेक सगळ्यांच्या पुढे उभा होता. चांगला दोन पावलं. पंच बरोबर होता. मी तो व्हिडिओ लेकाला दाखवला नाही. पुसून टाकला.

हे आमच्याच घरात झालं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. पण नंतर जिकडे तिकडे तेच दिसायला लागलं. २०२३ मध्ये नणंदेकडे कोल्हापूरला गेले. तिथे पेठांच्या तालमींचे फुटबॉल संघ, शाहू स्टेडियमवर हजारो माणसं. पाटाकडील तालीम, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ ही नावं घराण्याच्या अभिमानानं घेतात. जिंकलं की तालीम जिंकली. हरलं की रात्री गल्लीत पहिलं वाक्य पंचावर. ‘तालीम हरली’ असं वाक्य माझ्या कानावर आलंच नाही बाई. मैदानातली हुल्लडबाजी आणि तिच्यावरची कारवाई यांच्या बातम्या तिथल्या वर्तमानपत्रांना नव्या नाहीत.

त्याच वर्षी ३ मार्चला केरळा ब्लास्टर्सचा संघ बंगळुरूविरुद्ध बाद फेरीचा सामना अर्ध्यावर टाकून निघून गेला. जादा वेळेत सुनील छेत्रीनं शिट्टीची वाट न पाहता फ्री किक मारून गोल केला, पंचानं तो दिला, म्हणून. सामना हातचा गेलाच, वर ४ कोटींचा दंड आणि प्रशिक्षकावर १० सामन्यांची बंदी. आणि आपल्याकडची कुस्ती घ्या. २ फेब्रुवारी २०२५, अहिल्यानगर, महाराष्ट्र केसरी. गादी गटाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध निकाल गेला म्हणून शिवराज राक्षेनं पंचाला लाथ मारली. मग केसरीच्या लढतीत महेंद्र गायकवाड पंचांशी वाद घालून बाहेर पडला. दोघांवर ३ वर्षांची बंदी घातली गेली. राक्षे आधीचा महाराष्ट्र केसरी, लहान मुलं त्याच्याकडे पाहून लंगोट बांधतात. टीव्हीवर ती लाथ पाहिली तेव्हा मला माझंच ‘पैसे खाल्ले का रे’ ऐकू आलं.

पंच चुकत नाहीत असं मी म्हणत नाही. १९८६ च्या विश्वचषकात मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं मारलेला गोल पंचांनी दिला, ते साऱ्या जगानं पाहिलं. पण त्यानंतर चारच मिनिटांत त्यानं अर्ध्या मैदानावरून सगळ्यांना चुकवत दुसरा गोल केला, तो तर पायानंच होता. सामना २-१ सुटला. २०१८ च्या विश्वचषकापासून पंचांना टीव्हीवर पुन्हा पाहायची सोय झाली. भांडण मिटलं का? आता पंचाबरोबर टीव्हीसमोर बसलेल्यांनाही शिव्या बसतात.

आमच्या गावाला तर या आजाराचं फार जुनं उदाहरण आहे. रुक्मिणीला कृष्णानं इथल्या अंबिकेच्या देवळातून नेलं, ते सगळ्यांना ठाऊक. तिचा भाऊ रुक्मी प्रतिज्ञा करून पाठलागाला निघाला, की कृष्णाला हरवून बहिणीला परत आणीन, नाहीतर कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही. हरला. मग घरी आलाच नाही, भोजकट नावाचं नवं नगर वसवून तिथेच राहिला. भागवतात पुढची गोष्ट येते. नातवंडांच्या लग्नात व्याही-व्याही म्हणून रुक्मी आणि बलराम फासे खेळायला बसतात. बलराम लाखाचा डाव जिंकतो, रुक्मी म्हणतो मीच जिंकलो. मग दहा कोटींचा डाव, तोही बलरामाचा. रुक्मी पुन्हा तेच म्हणतो आणि वर साक्षीदारांना विचारा म्हणतो. तेवढ्यात आकाशवाणी होते की डाव बलरामाचा आहे. रुक्मी तीही मानत नाही, उलट टोमणे मारतो, आणि चिडलेल्या बलरामाच्या हातून भर लग्नात मारला जातो. आकाशवाणीवर कोणता पंच आणायचा सांगा!

रुक्मिणीची कथा आपल्या हरिवंशपुराणातही आहे, पण हा फाशांचा प्रसंग मी इकडच्या कीर्तनात ऐकलेला. वाकाटकांच्या चम्मकच्या ताम्रपटात भोजकट हे नाव येतं आणि ते म्हणजे आपलं भातकुली असं अभ्यासक मानतात. आदिनाथाच्या दर्शनाला आपण जातो तेच भातकुली. दर वेळी तिथून कौंडण्यपूरला परतताना मला वाटतं, एवढंसं अंतर, आणि तो माणूस जन्मभर ते चालून आला नाही.

माझ्या लेकाचंही तसंच व्हायला लागलं होतं. २०२२ ला बारावीत गुण कमी पडले. पेपर तपासणाऱ्यानं नीट पाहिलंच नाही म्हणाला. मी मान डोलावली. कॉलेजच्या संघात निवड झाली नाही, तर सर ओळखीच्यांनाच घेतात. यंदा पदवी झाली, पुण्याला नोकरी लागली आणि दोन महिन्यांत सोडली, साहेब भेदभाव करतो म्हणून. यातलं एखादं खरंही असेल. पण प्रत्येक वेळी त्याचा चेहरा त्या गाडीतल्यासारखा सैल व्हायचा, आणि ते वाक्य माझं होतं. मीच त्याला शिकवलेलं.

आपल्याकडे निमित्त आणि उपादान लहानपणी पाठशाळेत शिकवतात. मडक्याला माती उपादान, कुंभार निमित्त. मातीच कच्ची असेल तर कुंभाराला किती बोल लावणार? पंच निमित्त. हे मला पाठ होतं, आणि पेनल्टी मात्र मी गाडीत विसरले.

इथे एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, नाहीतर तुमच्यापैकी कुणी तरी हे स्वतःवर ओढून घेईल. आपल्या घरांत पुरुषमाणूस हरला की पंच वाईट, आणि बाईचं काही बिघडलं की तिचं कर्म. धंदा बुडाला तर बाजार वाईट, मूल नापास झालं तर आईचं लक्ष नव्हतं. जिला खरंच छळ सोसावा लागतो तिला ‘तुझं उपादान बघ’ म्हणणाऱ्यांची मला चीड येते. मी बोलतेय ते खेळ संपल्यावर आपली पेनल्टी लपवण्याबद्दल.

तर आर्जवाच्या दिवशी मंदिरात आलोचना पाठ म्हणताना त्या शब्दापाशीच अडले. बाहेरच्या जगात आलोचना म्हणजे दुसऱ्याची चूक काढणं. आपल्याकडे आलोचना म्हणजे आपली चूक आपल्या तोंडानं सांगणं. शब्द एकच. घरी आले, जेवले, आणि फोन लावला.

‘बेटा, तो अमरावतीचा सामना आठवते?’

‘कोणता?’

‘तुझा गोल दिला नव्हता तो. मी दुसऱ्याच दिवशी व्हिडिओ पाहिला होता. ऑफसाइडच होती ते. तुले सांगितलं नाही. चुकलं माझं.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला.

‘मम्मी, मले माहीत होतं.’

‘काय?’

‘मीच उभा होतो न तिथं. शिट्टी वाजायच्या आधीच मले कळलं होतं का मी पुढं आहो म्हणून. मी काही बोलणारच होतो, पण तू त्या पंचाशी एवढी भांडू लागली, का मंग मी काय बोलणार?’

मी ओट्याला धरून उभी राहिले. त्या पंच मुलाचं नाव मला माहीत नाही, क्षमावाणीला कोणाकडे जाऊ? तेही लेकाला म्हणून दाखवलं. तो म्हणाला, ‘पाहतो विचारून, आमच्या सरांजवळ असंन त्याचा नंबर.’ मग जरा थांबून म्हणाला, ‘आणि ते पेनल्टी लयच वाईट मारली होती मी.’

काल त्यानं नंबर पाठवला आहे. अजून लावलेला नाही. आज प्रतिक्रमण झाल्यावर लावते.