प्रवरेला रंग देताना

रतनवाडीला पोहोचेपर्यंत उन्हं चांगलीच वर आली होती. शेंडीहून निघालेला रस्ता मुतखेल, कोलटेंभे करत भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या काठाकाठानं जातो. डिसेंबरात त्या रस्त्यानं जाताना डोंगर बघावेत की पाणी, हेच ठरत नाही. भात निघालं होतं, खाचरांत धसकटं उभी होती आणि खळ्यांच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. जीपमध्ये माणसांपेक्षा सामान जास्त: काचेच्या बाटल्या, बारीक छिद्रांचं हातजाळं, पांढरे ट्रे, भिंगं आणि नकाशांच्या गुंडाळ्या. प्रवरा नदी उगमापासून संगमापर्यंत टप्प्याटप्प्यानं पाहायची आणि प्रत्येक टप्प्याला नकाशावर एक रंग द्यायचा, असं काम होतं. ठीक असेल तर निळा, धोक्यात असेल तर गुलाबी आणि अत्यवस्थ असेल तर लाल.

हे तीन रंग आमचे नव्हेत. नोव्हेंबर २०१६ मध्ये दिल्लीत भारत नदी सप्ताह भरला होता. राज्याराज्यांतल्या नदीप्रेमींनी आणि अभ्यासकांनी तिथे देशातल्या २९० नद्या याच रंगांत मांडल्या. त्यातल्या सुमारे सत्तर टक्के लाल निघाल्या. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची यादी वेगळी असते. पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते, ते ‘बीओडी’ या मापावरून कळतं. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर हे माप गेलं, की नदीचा तो पट्टा प्रदूषित धरतात. २०२२ च्या अहवालात देशभरात असे ३११ पट्टे होते आणि त्यातले ५५ आपल्या महाराष्ट्रात. दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतके नव्हते. या यादीनं अनेक नगरपालिकांना आणि कारखान्यांना जाब विचारता आला, म्हणून मला तिचं मोल वाटतं. पण बाटलीत जेवढं मावतं तेवढंच तिला दिसतं. बाटलीबाहेरची नदी कशी आहे, ते बघायला आम्ही निघालो होतो.

अमृतेश्वराच्या देवळामागून रतनगडाकडे वाट निघते. ती वाट प्रवरेचा ओढा पुन्हा पुन्हा ओलांडते. उगमाकडची प्रवरा पावसाळ्यात माणसाला पाय ठेवू देत नाही. घाटघर, रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि इथून शंभर किलोमीटरच्या आतच पाचशे मिलीमीटरला मोताद झालेली गावं आहेत. डिसेंबरात मात्र ओढा शांत होता. डोहातून डोहात पातळ धार उतरत होती आणि पाण्याखालचा काळा बसाल्ट खडा न् खडा दिसत होता.

मी पाण्यात उतरलो आणि तळहाताएवढा एक दगड उचलून पालथा केला. क्षणभर काहीच दिसलं नाही. मग दगडाचाच एक तुकडा सरकला. नखाएवढी चपटी अळी, रुंद डोकं, मागे तीन केसांची शेपटी. दगडाला ती अशी चिकटलेली, की वाहत्या पाण्याला तिला धरताच येऊ नये. भिंगातून पाहिलं तर पोटाच्या दोन्ही बाजूंचे कल्ले पानांसारखे थरथरत होते. ही मेफ्लायची अळी. शेजारीच वाळूचे कण एकाला एक डकवून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळी होती आणि तिच्यातून कॅडिसफ्लायच्या अळीचं डोकं हळूच बाहेर येत होतं. आणखी दोन दगड उलटले आणि दोन शेपट्यांची, पिवळट-तपकिरी स्टोनफ्लाय सापडली. तिच्यासाठी मी अक्षरशः ओरडलो. पाण्यातला ऑक्सिजन जरा कमी झाला की सगळ्यांत आधी ही अळी जाते. दगडाखालच्या जिवांना एक ते दहा गुण देऊन नदी तपासायची पद्धत इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकाअखेरीस बसवली गेली. तीत स्टोनफ्लायला दहा गुण आहेत, गाळातल्या लाल अळ्यांना दोन आणि गांडुळांच्या कुळातल्या किड्यांना एक. आपल्याकडे केंद्रीय मंडळानंही अशीच गुणपद्धत तयार केली आहे, पण जिल्ह्याच्या पातळीवर ती कोणी वापरताना मी पाहिलेलं नाही. बाटलीतलं पाणी त्या घटकेची खबर देतं. स्टोनफ्लायची अळी महिनोन् महिने त्याच दगडाखाली असते. मधे एका रात्री कोणी काही सोडून गेलं असेल, तर ती उरत नाही.

हंडा घेऊन आलेल्या एक मावशी थांबून आमचं बघत होत्या. “खेकडं धरताय का दादा?” त्यांनी विचारलं. मी ट्रे पुढे केला. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे तं असत्यातच की पाण्यात.” त्यांच्या ओढ्यात असतातच. मी वहीत तेच लिहिलं आणि नकाशावर पहिला टप्पा निळा केला. त्या दिवशीचं ते सगळ्यांत सोपं काम होतं.

त्याच्या पुढे नदी भंडारदऱ्याच्या जलाशयात दिसेनाशी होते. १९१० साली धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये ते पुरं झालं. हे विल्सन धरण २७० फूट उंच आणि पोटात ११ टीएमसी पाणी. चुन्यात बांधलेली ही दगडी भिंत आज शतक गाठते आहे आणि तिच्यासमोर उभं राहिल्यावर बांधणाऱ्यांबद्दल मनात आदरच येतो. नगर जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस उभा राहिला, १९५० मध्ये लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यामागे सहकाराची सगळी परंपरा आली, ती या पाण्याच्या जोरावर. पाटाच्या पाण्यानं ज्यांचे संसार उभे राहिले, त्यांना धरणाविरुद्ध काही सांगायला मी गेलो नव्हतो. त्या पाण्याखाली ज्यांची खाचरं गेली, त्यांची पोरं आज काठावर तंबू लावून पर्यटकांना पिठलं-भाकरी खाऊ घालतात. तंबूंच्या मागच्या कचऱ्याचीही नोंद आम्ही केली. काजव्यांच्या हंगामात, मे-जूनमध्ये, तो कित्येक पट असतो असं तिथल्या पोरांनीच सांगितलं.

धरणाच्या पायथ्याशी मोरीचं पाणी खडकाच्या गोल उतारावर पडतं. छत्रीसारखं दिसतं म्हणून लोक त्याला अंब्रेला फॉल म्हणतात. चावी फिरवली तर हा धबधबा, नाही फिरवली तर कोरडा कातळ. आम्ही गेलो तेव्हा रब्बीच्या पिकांसाठी पाणी सोडायचं आवर्तन चालू होतं, म्हणून पाणी होतं आणि मोबाइल उंच धरलेली गर्दीही होती.

थोडं खाली, गर्दी संपते तिथं आम्ही बाटली भरली. विरघळलेला ऑक्सिजन मोजायची जुनी रीत मला अजून आवडते. बाटलीत मँगनीजचं आणि आयोडाइडचं द्रावण सोडायचं आणि बूच लावून उलटीपालटी करायची. ऑक्सिजन असेल तर दाट तपकिरी साका धरतो. नसेल तर तो पांढराच राहतो. आमच्या बाटलीत तपकिरी ढग उतरला. पाणी गार, नितळ, वास नसलेलं. मंडळाच्या ‘अ’ वर्गाला लिटरमागे ६ मिलिग्रॅम किंवा जास्त ऑक्सिजन लागतो. तेवढा तिथे आरामात भरला.

मग मी दगड उलटले. एक, दोन, दहा. हिरवी-तपकिरी बुळबुळीत शेवाळ सगळ्या दगडांवर सारखी, आणि तिच्यात बारीक अळ्या, त्याही एकाच जातीच्या. स्टोनफ्लाय नाही. तीन शेपट्यांची चपटी अळी नाही. रतनवाडीच्या ओढ्यात एका दगडाखाली जितकं सापडलं, तितकं इथे ट्रेभर दगडांतही नव्हतं. जीपमधला एक तरुण सहकारी गोंधळला. “पाणी तर चांगलं आहे, सर,” तो म्हणाला.

पाणी चांगलंच होतं. पण ते धरणाच्या खोल पोटातलं होतं आणि ते नदीच्या वेळापत्रकानं येत नव्हतं. आवर्तन सुटलं की पात्र काठोकाठ आणि आवर्तन बंद झालं की तेच पात्र डबक्याडबक्यांचं. दगडाच्या कडेला चिकटून राहणाऱ्या जिवाला आज पूर आणि उद्या कोरडं ऊन. डोंगरातून येणारे वाळू-गोटे जलाशयातच बसतात, त्यामुळे खालचं पात्र नुसतं धुपत राहतं, त्याला नवं काही मिळत नाही. गंगेच्या वरच्या खोऱ्यासाठी केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये आदेश काढून नदीत किमान किती पाणी वाहतं ठेवायचं ते ठरवून दिलं. कोरड्या हंगामात येणाऱ्या पाण्याच्या वीस टक्के, पावसाळ्यात तीस टक्के. तो आदेश गंगेचा. प्रवरेच्या वाट्याला आवर्तनांचं वेळापत्रक आहे, आणि त्यात शेती, पिण्याचं पाणी, वीज, साखर कारखाने अशा सगळ्यांचे रकाने आहेत. नदीचा रकाना नाही. मला या प्रवासात सगळ्यांत जास्त लागलं ते हेच.

रंध्याला आम्ही दुपारी टेकलो. कळसूबाईच्या उतारावरून आलेली कृष्णावंती याच परिसरात प्रवरेला मिळते, आणि रंध्याला नदी खडकाच्या घळीत खोल उडी घेते. आवर्तन होतं म्हणून धबधबा जिवंत होता. घळीच्या पुढे काही अंतरावर निळवंड्याचा फुगवटा सुरू होतो. साडेआठ टीएमसीच्या आसपासचं हे दुसरं धरण. त्याच्या डाव्या कालव्याचं पाणी दुष्काळी गावांना मिळायला २०२३ उजाडलं, दोन-तीन पिढ्या वाट पाहण्यात गेल्या.

फुगवट्याच्या काठावर एक काका जाळं सोडवत बसले होते. नदीतले मासे सांगा म्हटल्यावर ते बोटांवर मोजत सांगू लागले: मळ्या, खडशी, कोळस, वाम, मरळ. मला तिथेच कर्नल साइक्स आठवले. विल्यम हेन्री साइक्स मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची पाहणी करत हिंडले आणि १८४० च्या सुमाराला त्यांनी इथल्या माशांवर निबंध लिहिला. भीमा, घोड, मुळा-मुठेच्या काठावर लोक माशांना जी नावं देत तीच त्यांनी शास्त्रीय नावांत बसवली. म्हणून खडशी आजही शास्त्राच्या पुस्तकात ‘खुद्री’ आहे, कोळस ‘कोलस’ आहे आणि मळ्या ‘मुल्या’ आहे. आपल्या नद्यांत काय जगतं याची ती पहिली शिस्तशीर नोंद. पावणेदोनशेहून अधिक वर्षांनी आम्ही तेच विचारत होतो. फक्त आमच्या रकान्याचं नाव होतं ‘शेवटचं कधी पाहिलं’.

काकांनी खडशीपाशी हात थांबवला. “खडशी आमच्या बापानं धरली. मी लहान असताना. आता जाळ्यात निस्ती चिलापी.” चिलापी म्हणजे तिलापिया, परदेशातून आलेला, साचल्या पाण्यात फोफावणारा मासा. खडशीला वाहतं, खळाळतं पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. धरणाच्या खाली तिला यातलं काय मिळतं, ते आम्ही सकाळीच पाहिलं होतं. “आन् पाणी बंद झालं का,” काका म्हणाले, “वरच्या डबक्यांत माशे आडकत्यात. मंग बगळ्यांचं फावतं.”

पुढचा प्रवास भराभर झाला. अकोल्याच्या खाली बंधाऱ्यांमागून बंधारे लागले. फळ्या टाकलेल्या, पाणी तुंबलेलं, एका फुगवट्यात जलपर्णीचा गालिचा. ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा-उजवा कालवा निघतो आणि नदीपेक्षा कालव्यातच पाणी जास्त दिसू लागतं. संगमनेरच्या खाली वाळूचे खड्डे. एका ठिकाणी तळातला गाळ हातजाळ्यात घेतला तर तो काळा निघाला आणि त्यात लालभडक अळ्या वळवळत होत्या. त्यांच्या अंगातला लाल रंग हिमोग्लोबिनचा. जवळपास ऑक्सिजन नसलेल्या चिखलातही त्यांचं भागतं. नकाशावर लाल भरायला तिथे कोणाला विचारावं लागलं नाही.

नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला नदी गोदावरीला मिळते. जायकवाडीचा फुगवटा तिथवर येऊन पोहोचलेला असतो, त्यामुळे मिळणं असं दिसत नाही, नुसतं पाणी पसरलेलं दिसतं. घाटाच्या पायऱ्यांवर नकाशा पसरून आम्ही भांडलो. धरणाखालच्या टप्प्याला कोणता रंग द्यायचा? तरुण सहकारी निळ्यावर ठाम होता, कारण बाटली निळं म्हणत होती. मी म्हटलं, दगड काय म्हणतात? युरोपात २००० सालच्या जलनिर्देशापासून नदीचा दर्जा ठरवताना मासे, अळ्या, वनस्पती पाहतात आणि नदीचा प्रवाह, पात्र, काठही. आपण एकट्या बाटलीवर का थांबायचं? बराच वेळ गेल्यावर आम्ही नकाशावर दोन पट्ट्या आखल्या, एक पाण्याची आणि एक नदीची. धरणाखाली पहिली निळी राहिली. दुसरी मी स्वतः लाल केली, आणि त्यानं हरकत घेतली नाही.

जलसंपदा विभागाला द्यायच्या टिपणात आम्ही एकच मागणी घातली: आवर्तन बंद असतानाही भंडारदऱ्याच्या मोरीतून थोडं पाणी रंध्यापर्यंत सतत वाहतं ठेवावं. ते पाणी पुढे निळवंड्यातच साठतं, शेतकऱ्याचं पाणी त्यानं फारसं कमी होत नाही. शेंडीच्या एका शिक्षिकाताईंनी हातजाळं आणि भिंगं मागून घेतली आहेत. मेमध्ये, पाणी बंद असताना, त्यांची सातवीची मुलं अंब्रेला फॉलखालचे तेच दगड उलटून बघणार आहेत. कोणते दगड, ते आम्ही पिवळ्या रंगानं खूण करून ठेवले आहेत.