राहिलेला पेपर

२०११ साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि आमच्या पोरांचं नागपूर विद्यापीठ सुटलं. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन जिल्ह्यांपुरतं विद्यापीठ. मला वाटलं, आता जवळ आलं म्हणजे पोरं धडाधड पास होतील. पुढं काही वर्षांनी माझा धाकटा कॉलेजात गेला आणि पहिल्याच सेमिस्टरला संख्याशास्त्रात नापास झाला.

दुसऱ्याचे पेपर कसेबसे देऊन उन्हाळ्यात पेटी घेऊन घरी आला. "बा, मले नाही जमत."

खरं सांगतो, वाईट वाटलं, पण आतून थोडं बरंही वाटलं. रोवण्याला माणूस मिळत नाही. दहावीनंतर माझ्या बापानंही मला असंच बांधीत उतरवलं होतं. "राहू दे मग," मी बोललो. त्याची माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

डोकं कमी नव्हतं. वर्गात एकदा उठून 'मले' म्हणाला, पोरं हसली. तवापासून मागचा बाक, मग तासालाच जाईना, खोलीवर पडून राही. हे मला तेंदूच्या हंगामात कळलं, पुडकी बांधता बांधता.

मायनं जूनमध्ये परत धाडला. एका तासाला सरांनी विचारलं, मोठा ढीग सारा न मोजता कसा तपासाल? वर्ग गप्प. हा उठला. म्हणाला, आमच्या फळीवर ७० पानांचं एक पुडकं, अशी हजारो. मुन्शी सारी सोडत नाही, दोनचार उचलून पानं मोजतो.

"आणि वरचीच उचलली तर?"

"तर फसते, सर. बाया चांगली पुडकी वरच ठेवतात."

वर्ग हसला. या वेळी त्यालाही हसू आलं. सरांनी तेच उदाहरण फळ्यावर मांडलं. पुढं संध्याकाळी चार पोरं त्याच्या खोलीवर गणितं सोडवायला येऊ लागली.

शिकलेली माणसं याला आत्मविश्वास, चिकाटी म्हणतात. चिकाटी तर आधीही होती, दिवसभर चिखलात वाकणारं पोरगं ते. ती कॉलेजातही चालते, हे त्याला कोणी दाखवलं नव्हतं. मीही नाही.

त्या रोवण्याला तो आला नाही. "बा, तास बुडते." मी चिडलो, मग दोन माणसं मजुरीनं लावली. राहिलेला पेपर त्यानं हिवाळ्यात काढला. निकालाचा फोन आला तेव्हा खळ्यात धानाचा चुरणा चालू होता. मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, दोनदा विचारावं लागलं.