मी खेळायला गेले होते

बाईमाणसाला घराबाहेर पडायला कारण लागतं. माहेरचं आजारपण चालतं, नात्यातलं लग्न चालतं, देवदर्शन तर फारच चालतं. पण ‘खेळायला जाते’ हे कारण म्हणून कुणी धरतच नाही. आणि त्यातून परदेशात! मैत्रिणींनो, २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही दहाजणी सांगलीहून निघून काठमांडूला थ्रोबॉलची दोन दिवसांची स्पर्धा खेळून आलो, तेव्हा हे मला नीट उमगलं.

आमचा संघ म्हणजे रोज संध्याकाळी तासभर मैदानावर जमणाऱ्या बायका. दोघी बँकेतल्या, एक परिचारिका, एक घरी शिवणकाम करणारी, मी अर्धवेळ शिक्षिका, बाकीच्या घर सांभाळणाऱ्या. आमच्या कप्तान काकू बावन्न वर्षांच्या! खेळ तसा सोपा. मध्ये जाळी, दोन्हीकडे सात-सात जणी. चेंडू झेलायचा, पण हातांखेरीज अंगाला लागू द्यायचा नाही आणि तीन सेकंदांत एका हातानं खांद्यावरून पलीकडे फेकायचा. त्या तीन सेकंदांत गॅसवरचं दूध आठवत नाही की मुलाचा गृहपाठ. आम्ही खेळतो ते एवढ्यासाठीच.

काकूंच्या भाचीच्या ओळखीनं तिथल्या बायकांचं बोलावणं आलं. खर्च मात्र ज्याचा त्यानं करायचा. माझ्या मानधनातले थोडे पैसे साठले होते. ते वॉशिंग मशीनसाठी आहेत, असं घरात सगळ्यांनीच गृहीत धरलेलं! हे म्हणाले, “पैसे तुझेच आहेत गं, पण दोन दिवसांच्या खेळासाठी एवढे?” मी म्हटलं, “तुम्ही मित्रांबरोबर गोव्याला जाता, तेव्हा कशासाठी जाता?” हे हसले. विषय काही संपला नाही, पण माझं जाणं ठरलं.

सासूबाई मला काहीच बोलल्या नाहीत. शेजारच्या वहिनींना मात्र सांगताना ऐकलं, “सून पशुपतिनाथाला चाललीय.” मला हसू आलं आणि जरा लागलंही. देवाच्या नावावर मिळालेली परवानगी माझी नव्हतीच.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं सांगते. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. विमानानं जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. आधार कार्ड चालत नाही. आपल्या शंभर रुपयांचे तिथले एकशे साठ होतात. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी जरूर न्या, पण चटणीचा डबा विमानात हातातल्या पिशवीत नको, मोठ्या सामानात द्या. घरासाठी मी कुठली भाजी कधी करायची त्याचा कागद फ्रिजवर चिकटवला होता. परत आले तर कागद जसाच्या तसा! तीन दिवस खिचडी आणि अंडी. कुणी उपाशी राहिलं नाही.

मुंबईहून विमान तीनेक तासांत पोचतं. तिथलं घड्याळ आपल्यापुढे फक्त पंधरा मिनिटं. काकूंनी विमानतळावरच सगळ्यांची घड्याळं पुढे करून घेतली. बाहेर पडलो तर पाट्या देवनागरीत, त्यामुळे परकं गाव वाटेचना. नेपाळनं २०१७ साली व्हॉलीबॉल हा राष्ट्रीय खेळ म्हणून जाहीर केला. जाळीवरचे खेळ तिथल्या लोकांना नवे नाहीत. शहर समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या वर. नोव्हेंबरातल्या सकाळी अशी थंडी, की बोटं बधिर होऊन झेललेला चेंडू दगडासारखा लागायचा. आम्ही मोजे हातात घालून बसायचो आणि शिट्टी झाली की काढायचो.

पहिले दोन सामने हरलो. तिसऱ्यात काकूंनी एकच सांगितलं, “जोरात फेकू नका, दोघींच्या मधे फेका.” तो सामना जिंकलो. शेवटचा गुण आमच्या शिवणकामवाल्या ताईंचा. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसलेली ही बाई मैदानाच्या मधोमध उभी राहून मोठ्यानं हसत होती. तसं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

चौथा सामना यजमानांशी, रविवारी. आदल्या दिवशी मैदान बघ्यांनी भरलं होतं, रविवारी तुरळक माणसं. नेपाळमध्ये तेव्हा सुट्टी शनिवारची, रविवारी शाळा-कचेऱ्या चालू. त्यांच्यातली एक माझ्यासारखीच शिक्षिका, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेली. आम्ही हरलो. मग दोन्ही संघ एकत्र दालभात-तरकारी जेवलो. ती मला ‘दिदी’ म्हणत होती. तिनं मोडक्या हिंदीत विचारलं, “घरी मुलांना कोण बघतं?” मी म्हटलं, “सासूबाई.” ती टाळी देऊन म्हणाली, “माझीपण सासू!” सासूला त्यांच्यातही सासूच म्हणतात. रजेच्या अर्जात काय लिहिलं, असं मी विचारलं. तर म्हणाली, “घरचं काम.” आम्ही दोघी खूप हसलो आणि मग एकदम गप्प झालो.

संध्याकाळी पशुपतिनाथाचं दर्शन घेतलं. प्रसाद घेतला, बागमतीच्या काठी बसलो. मन शांत झालं. पण देवापुढे हात जोडताना ठरवलं, की घरी गेल्यावर याचा आडोसा घ्यायचा नाही.

परतल्यावर शेजारच्या वहिनी आल्याच. “दर्शन छान झालं ना?” प्रसाद देत म्हटलं, “छान झालं. पण मी खेळायला गेले होते, वहिनी. एक सामना जिंकलो, तीन हरलो.” वहिनी जरा बावरल्या. सासूबाई आत भाजी निवडत होत्या, त्यांनी ऐकलं. रात्री कुकर लावताना हळूच म्हणाल्या, “जिंकलात तो कुणाशी गं?” मी अगदी शेवटच्या गुणापर्यंत सगळं सांगितलं.

वॉशिंग मशीन आणखी आठ महिन्यांनी आलं. तोवर कपडे हातानं धुतले, पण ते जड वाटले नाहीत. परदेशीच जायला हवं असं नाही हो. शेजारच्या गावीसुद्धा जाता येईल. मात्र कुणी ‘कशाला’ म्हणून विचारलं, तर देवाला मधे घालू नका, आजारी आत्यालाही नको. सरळ सांगा, खेळायला.