समुद्रापासून दूर

ज्याच्या गावातून समुद्र दिसत नाही, त्याने समुद्रावरील वादळाविषयी लिहावे हे पुष्कळांस विचित्र वाटेल. आमचे लाखनी हे भंडारा जिल्ह्यातील धानाच्या मुलखातले गाव. मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता येथून जातो खरा. परंतु पूर्वेचा समुद्र येथून सुमारे 500 किलोमीटर दूर, आणि पश्चिमेचा त्याहूनही लांब. पाणी म्हणजे तलाव, बोडी आणि फार तर वैनगंगा, एवढीच आमची कल्पना. तथापि या विषयाचा विचार किनाऱ्यावरच्या माणसापेक्षा आम्हीच अधिक करावयास हवा, असे मला वाटते. कोळ्याला वादळाचे भय जन्मापासून ठाऊक असते. आम्हांला मात्र ते परक्याच्या घरचे दुखणे वाटते.

वैशाखातली वावटळ आम्ही जाणतो. ती तापलेल्या भुईवरून उठते, अंगणातला पाचोळा गरगर फिरवते आणि घटकाभरात विरून जाते. चक्रीवादळाची गोष्ट निराळी. त्याचे पोषण उबदार समुद्रावर होते. पाण्याचे उष्णमान 26 ते 27 अंशांच्या वर गेले म्हणजे वाफ विपुल उठते. वर जाऊन तिचे पुन्हा पाणी होताना आतली उष्णता बाहेर पडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर चढते, आणि खाली कमी झालेल्या दाबाकडे भोवतालची हवा धाव घेते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ती सरळ न येता वळसे घेत येते. आपल्या गोलार्धात हे वळसे घड्याळाच्या काट्यांच्या उलट असतात. यालाच अमेरिकेकडे हरिकेन म्हणतात, जपानकडे टायफून. ‘सायक्लोन’ हे नाव मात्र आपल्याच देशात घडले. कलकत्त्यास राहणाऱ्या हेन्री पिडिंग्टन यांनी सर्पाच्या वेटोळ्याची उपमा मनात धरून 1848 मध्ये ते रूढ केले.

या सर्पाचे दंश तीन. पहिला, फुगून जमिनीवर चढणारा समुद्र, दुसरा, वारा, आणि तिसरा, पाऊस. पहिला किनाऱ्यापाशीच संपतो, दुसरा जमिनीवर आल्यावर लवकरच क्षीण होतो. तिसरा मात्र शेकडो कोस चालत येतो. 26 सप्टेंबर 2021 रोजी ‘गुलाब’ नावाचे वादळ आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यास लागले. वाऱ्याचा जोर ओसरला. पण त्याचे अवशेष तेलंगण, विदर्भ व मराठवाडा ओलांडीत पश्चिमेस गेले, आणि नदीनाल्यांस पूर आले. त्यातच उमरखेडजवळ पाण्याखाली गेलेल्या पुलावरून जाताना प्रवाशांची बस वाहून गेली. जेथे कोणी कधी समुद्राची गाज ऐकली नाही, तेथे समुद्राने माणसे नेली! पुढे तेच अवशेष अरबी समुद्रात उतरले, ‘शाहीन’ या नव्या नावाने पुन्हा बळावले आणि ओमानवर जाऊन आदळले.

आमच्या भागात संकट येते ते बहुधा धान कापणीच्या दिवसांत. पावसाळा सरल्यावर बंगालच्या उपसागरातील वादळांचा हंगाम, आणि कापलेल्या धानाच्या कडपा बांधीत वाळत पडण्याचा हंगाम, हे दोन्ही एकच. एका ऑक्टोबरात माझ्या शेजारच्या शेतकऱ्याने वेधशाळेची पिवळी सूचना ऐकली व मला विचारले, “गुरुजी, पाऊस नक्की येईल का?” मी म्हटले, “नक्की कोण सांगणार? संभव आहे, एवढेच ते सांगतात.” त्याच्यापुढील कोडे सोपे नव्हते. कडपा गोळा करावयाच्या तर मजुरी आजच मोजावी लागणार. ओलसर धान पुंजण्यात रचावे तर आत तापून नासण्याची भीती. आणि बांधीत राहू द्यावे तर भिजून कोंब फुटण्याची. अखेर त्याने बऱ्यापैकी वाळलेला अर्धा धान उचलला. वादळ उत्तरेकडे वळले, आणि आमच्याकडे चार थेंबही पडले नाहीत. चावडीवर थट्टा झाली. तो शांतपणे म्हणाला, “घराला कुलूप लावलं आणि चोर आला नाही, म्हणून कुलपाचे पैसे बुडाले का, गुरुजी?”

मला हे उत्तर फार मोलाचे वाटले, कारण सूचनेची खरी परीक्षा अशा कोरड्या दिवशीच होते. 1999 च्या ऑक्टोबरात ओडिशावर महावादळ आले, तेव्हा सुमारे 10,000 माणसे मेली. त्याच ओडिशात मे 2019 मध्ये ‘फनी’ पुरीजवळ आदळले. त्याआधी सुमारे 12 लाख लोकांना हलविले होते, आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. दोन्ही वादळे प्रचंडच होती. मधल्या वीस वर्षांत निवारे बांधले गेले, अंदाज अचूक झाले; आणि सर्वांत मुख्य म्हणजे, हाक येताच घर सोडण्याची सवय लोकांस लागली. या बारा लाखांतील अनेकांची घरे उभीच राहिली असतील. त्यांचे जाणे व्यर्थ गेले असे कोण म्हणेल?

माणूस हलविता येतो, झाड हलविता येत नाही. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरकडील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती येईपर्यंत कित्येक वर्षे जातात. ही हानी पुढच्या पिढीच्या वहीत लिहिली जाते.

सावधगिरीचे नियम थोडेच आहेत. किनाऱ्यावर राहणाऱ्याने सांगितले त्या वेळी घर सोडावे, रात्र पडण्याची वाट पाहू नये. वारा एकाएकी थांबला तर बाहेर पडू नये. तो वादळाचा डोळा असतो, आणि थोड्याच वेळात वारा उलट दिशेने झडप घालतो. आम्हां आतल्या मुलखातल्यांनी कवेलू व टिनपत्रे आधीच पक्की करावी, तुटलेल्या विजेच्या तारेजवळ जाऊ नये. आणि रपट्यावरून पाणी वाहत असेल, तर ते कितीही उथळ भासो, पलीकडे कितीही तातडीचे काम असो, अलीकडेच थांबावे.

थांबणे हे शौर्यात गणले जात नाही, म्हणूनच ते कठीण. भीती माणसाला पळविते, बेफिकिरी त्याला बुडविते. सावधपणा या दोहोंच्या मधली वाट दाखवितो. ती चालण्यासाठी समुद्र पाहिलेला असलाच पाहिजे असे नाही.